गरम पाणी सगळ्यांनाच: ग्रामीण विदर्भातल्या एका युवा शिबिराचा प्रकरण अभ्यास

पार्श्वभूमी

विदर्भाला शिबिरं नवीन नाहीत. मोझरीचं गुरुकुंज, सेवाग्राम, बाबा आमटेंनी सोमनाथला सुरू केलेली श्रमसंस्कार छावणी, या सगळ्यांचं पाणी इथल्या गावोगावच्या लहान मंडळांनी कमीजास्त प्यायलेलं आहे. त्यामुळे शिबिराचा साचाही ठरलेला. पहाटे साडेचारला उठणं, प्रार्थना, गार पाण्यानं अंघोळ, श्रमदान, दुपारी बौद्धिक, संध्याकाळी मैदान, रात्री भजन नाहीतर नकला.

हे प्रकरण यवतमाळ जिल्ह्यातल्या अशाच एका मंडळाचं आहे. मंडळ १५ ते २२ वयाच्या मुलामुलींचं पाच रात्रींचं निवासी शिबिर भरवतं. साधारण साठ शिबिरार्थी असतात, बहुतेक शेतकरी-शेतमजुरांच्या घरचे. माणसं ओळखू येऊ नयेत म्हणून नावं आणि काही तपशील गाळले आहेत. मी जिल्ह्यात समावेशित शिक्षणाच्या, म्हणजे दिव्यांग मुलांना इतरांबरोबरच शिकवण्याच्या कामात आहे. मंडळाने नियोजनाच्या बैठकांना बोलावलं होतं आणि शिबिरातही मी मुक्कामी होतो.

सुरुवात एका बापाच्या अर्जापासून झाली. त्याचा मुलगा सतरा वर्षांचा, सेरेब्रल पाल्सी (मेंदूच्या इजेमुळे हालचालींवर ताबा कमी) असलेला, चाकाच्या खुर्चीवर वावरणारा, दहावी पास. मंडळाने त्याला ‘पुढच्या वर्षी पाहू’ म्हणून वाटेला लावलं होतं. हे वाक्य ऐकून माणसं सहसा परत येत नाहीत. हा बाप बरोबर एका वर्षाने आला आणि म्हणाला, “पाहू म्हटलं होतं तुम्ही. पाह्यलं का?”

मग नाही म्हणणं अवघड झालं. बातमी पसरली आणि दिव्यांग मुलामुलींचे अकरा अर्ज जमले. खुर्चीवरचा हा मुलगा, जिल्ह्याच्या निवासी मूकबधिर शाळेत शिकलेले दोन मुलगे, शाळेचं तोंड न पाहिलेली एकोणीस वर्षांची एक बहिरी मुलगी, बौद्धिक अक्षमता आणि फिट्स असलेली सोळा वर्षांची एक मुलगी, एक स्वमग्न (ऑटिझम असलेला) मुलगा, दोन अंशतः अंध, बाकीचे हातापायाने अधू. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६ मध्ये अपंगत्वाचे २१ प्रकार आहेत. मंडळात मात्र दिव्यांग म्हणजे डोळ्यांना दिसेल तो, एवढीच समजूत होती. त्या २१ प्रकारांत सिकलसेल हा रक्ताचा आजारही आहे, हे त्या वेळी कोणाच्या बोलण्यातही आलं नाही.

अडचण काय होती

पहिली अडचण जागेची. शिबिर जिल्हा परिषदेच्या शाळेत भरतं. शाळेला रॅम्प होता, म्हणजे कागदावर होता. जोतं दोन फूट उंच आणि रॅम्पची लांबी सहा फूट. नियम साधा आहे, एक फूट चढायला बारा फूट लांबी. दोन फुटांना चोवीस फूट हवेत. त्या सहा फुटांवरून खुर्ची वर न्यायला दोन माणसं मागून लागायची आणि उतरताना खुर्चीवरच्या माणसाने देवाचं नाव घ्यायचं. दिव्यांगांसाठीचं स्वच्छतागृहही होतं. त्याला कुलूप होतं आणि आत पोषण आहाराची रिकामी पोती, मोडकी बाकं भरलेली होती. अशी कुलपं मी जिल्ह्यात ठिकठिकाणी पाहिली आहेत, तेव्हा या एका शाळेला बोल लावण्यात अर्थ नाही.

आवार काळ्या मातीचं. वाटपाच्या कार्यक्रमात मिळणाऱ्या खुर्चीची पुढची चाकं लहान असतात. कोरड्या काळ्या मातीत ती भेगेत अडकतात आणि ओल्या मातीत रुततात. खुर्ची फरशीसाठी केलेली आणि मुलगा वावरात राहणारा.

दुसरी अडचण तारखेची. उन्हाळ्यात पारा ४४-४५ च्या पुढे जातो. फिट्स असणाऱ्यांना, मणक्याच्या दुखापतीमुळे घाम न येणाऱ्यांना ते ऊन झेपत नाही. शाळेची इमारत मोकळी मिळते ती दिवाळीच्या सुट्टीत, पण तोच कापूस वेचणीचा हंगाम. ज्या मुलीबरोबर आईला यावं लागेल त्या घरची रोजची मजुरी बुडणार. शिबिर फुकट असलं तरी या घरांना ते महागच पडणार होतं आणि हा हिशेब पहिल्या दोन बैठकांत कोणीच मांडला नाही.

तिसरी अडचण घरच्यांची. फिट्स असलेल्या मुलीच्या आईने घरी गेलेल्या कार्यकर्तीला सरळ विचारलं, “शिबिरात जाऊन काय करन थे? आम्ही हावो तोवर सांभाळून राहिलो. रात्री काही झालं त कोन पाहीन?” या प्रश्नाचं उत्तर तेव्हा मंडळाकडे नव्हतं.

आणि चौथी अडचण वेळापत्रकाची. खरं गाडं तिथेच अडलं.

समोरचे पर्याय

पहिला पर्याय वेगळ्या एकदिवसीय मेळाव्याचा होता. साहित्य वाटप, पाहुण्यांची भाषणं, सत्कार, जेवण. हे सोपं होतं आणि पैसेही चटकन मिळाले असते. खुर्चीवरच्या मुलाच्या बापाने तो एका वाक्यात मोडीत काढला. त्याच्या पोराचे असे सत्कार बरेच झाले होते, मित्र एकही झाला नव्हता.

दुसरा पर्याय, त्याच आवारात दिव्यांगांचं समांतर शिबिर. वेगळ्या खोल्या, वेगळा कार्यक्रम, जेवण तेवढं एकत्र. काही कार्यकर्त्यांना यात सुरक्षितता वाटत होती. माझा विरोध होता, कारण एकदा वेगळी खोली झाली की तिच्या दारावर पाटी लागते.

तिसरा पर्याय, शिबिर तेच, वेळापत्रक तेच, पण दिव्यांगांना पहाटेच्या अंघोळीतून आणि श्रमदानातून सवलत. चौथा, वेळापत्रकच सगळ्यांसाठी बदलायचं. उठणं सहाला, झोप साडेनऊला, अंघोळीला गरम पाणी, श्रमदान ऊन वर आल्यावर.

तिसऱ्या आणि चौथ्या पर्यायावर दीड तास खडाजंगी झाली. मंडळातले एक ज्येष्ठ कार्यकर्ते, ज्यांनी हे शिबिर उभं केलं, ते चौथ्या पर्यायाला अजिबात तयार नव्हते. त्यांचं म्हणणं उडवून लावण्यासारखं नव्हतं. पहाटेची शिस्त हाच या शिबिराचा गाभा आहे, घरी आठपर्यंत लोळणारी पोरं इथे येऊन बदलतात, अकरा जणांसाठी पन्नास जणांचं शिबिर पातळ का करायचं? फिट्स असलेल्या मुलीला पुरेशी झोप मिळायला हवी, जागरणाने फिट येऊ शकते, हे मी सांगितलं. त्यावर ते म्हणाले, “तिले झोपू द्या ना मंग. तिले कोन उठवते?”

शेवटी तिसरा पर्याय ठरला. सवलतीची यादी करायची आणि त्या यादीतल्यांना कोणी उठवायचं नाही. सगळ्यांना हायसं वाटलं. भांडण मिटवणारा तोडगा नेहमीच बरोबर वाटतो.

तयारीत काय केलं

जागेचा प्रश्न एका गवंड्याने सोडवला. मुख्य इमारतीचा रॅम्प वाढवण्याच्या नादी न लागता त्याने मागच्या दोन खोल्या दाखवल्या. तिथलं जोतं जेमतेम नऊ इंच. नऊ इंचाला नऊ फूट उतार पुरतो. मुलांची राहण्याची सोय आणि बौद्धिकं त्या दोन खोल्यांत आणि त्यांच्या समोरच्या मांडवात हलवली, मुली शेजारच्या अंगणवाडीच्या इमारतीत गेल्या. तिला पायरी एकच होती.

पैशांच्या बाबतीत एक निर्णय मला आजही महत्त्वाचा वाटतो. ग्रामपंचायतीने स्वतःच्या उत्पन्नातला पाच टक्के निधी दिव्यांगांसाठी खर्च करायचा असतो. त्यातून उतार आणि स्वच्छतागृहाची दुरुस्ती करावी, असं काहींनी सुचवलं. पण गावातल्या दिव्यांगांना त्या निधीतून दिवाळीच्या तोंडावर थोडी रोख रक्कम मिळायची आणि ते तिची वाट पाहत होते. त्यांच्या वाट्याच्या पैशांतून बाहेरगावच्या पोरांसाठी उतार बांधला असता, तर समावेशाच्या नावाखाली गावातच दुही माजली असती. मंडळाने त्या निधीला हात लावला नाही. ग्रामपंचायतीकडून फक्त मुरमाच्या दोन ट्रॉल्या घेतल्या आणि स्वच्छतागृहाचं कुलूप मुख्याध्यापकांकडून उघडून घेतलं. कमोडची खुर्ची आणि भिंतीतला पकडायचा पाइप याचा खर्च लोकवर्गणीतून झाला.

पहिल्या दिवसाचं श्रमदान म्हणजे तो मुरूम पसरणं. खोली ते स्वच्छतागृह, स्वच्छतागृह ते मांडव, अशी वाट. उताराचा चढ मोजायला गवंड्याने पाणी भरलेली पारदर्शक लेव्हल नळी आणली होती. तिचं एक टोक खुर्चीवरच्या मुलाच्या हातात दिलं. हात थरथरत असल्यामुळे नळीतलं पाणी हलत होतं आणि गवंडी वैतागत होता. मग मुलाने नळी खुर्चीच्या दांड्याला सुतळीने बांधून घेतली. पाणी थांबलं. खूण बसली ती गवंड्याच्या अंदाजापेक्षा दोन बोटं खाली होती. सवलतीच्या यादीत नाव असूनही तो त्या दिवशी श्रमदानातून हलला नाही.

मजुरीचा प्रश्न स्वयंपाकघराने सोडवला. शिबिराला स्वयंपाकाला बाया लागतातच. ज्या दोन आयांना मुलींबरोबर राहणं भाग होतं, त्यांनाच ते काम वेचणीच्या मजुरीच्या दराने दिलं. एक अट होती, मुलीने हाक मारली तर पहिल्यांदा गटातल्या मुली जातील, आई नाही. ही अट पाळणं आईला फार जड गेलं. पहिल्या दिवशी ती कणकेच्या हातांनी चारदा मांडवात धावत आली.

रात्रीच्या सुरक्षिततेबाबत मंडळाने लेखी नियम केले. अठराखालची मुलं-मुली असल्यामुळे ते हवेतच होते. अंघोळ, कपडे, स्वच्छतागृह यांसाठी मदत करणारी व्यक्ती त्याच लिंगाची आणि आधीपासून ठरलेली, बंद दाराआड कोणी एकट्याने मदत करायची नाही, मदत हवी का हे दर वेळी विचारायचं. गोळ्यांची वही केली. फिट्सवाल्या मुलीच्या आईने गोळ्या पदराच्या गाठीत सुट्या आणल्या होत्या. प्राथमिक आरोग्य केंद्राच्या डॉक्टरांनी जुनी चिठ्ठी पाहून त्या ओळखल्या आणि वेळा लिहून दिल्या. फिट आली तर काय करायचं हे सगळ्या शिबिराला दाखवलं. कुशीवर वळवायचं, तोंडात काही घालायचं नाही, कांदा-चप्पल हुंगवायची नाही, घड्याळ पाहायचं, पाच मिनिटांच्या वर गेली तर १०८ ला फोन. सुदैवाने त्याचा उपयोग करावा लागला नाही.

पहिले दोन दिवस

पंगत जमिनीवर बसायची. खुर्चीवरच्या मुलाला एकट्याला टेबल मांडायचं की कसं, यावर फार चर्चा न करता शाळेची बाकं पंगतीच्या एका बाजूला लावली आणि ज्याला हवं त्याने बसावं म्हटलं. गुडघे कुरकुरणारे कार्यकर्तेच आधी बाकांवर जाऊन बसले, त्यामुळे बाक हा कमीपणाचा विषय झालाच नाही.

बहिऱ्या मुलीसाठी सांकेतिक भाषेचे दुभाषी नागपूरहून दोन दिवस आले होते. पण तिला शिकवलेली खूणभाषा येतच नव्हती. तिच्या खुणा घरच्या, तिच्या आणि धाकट्या बहिणीच्या. पहिल्या दिवशी तेरा वर्षांची ती बहीणच सगळं सांगत होती आणि संध्याकाळी थकून रडकुंडीला आली. पुढे काम झालं ते मूकबधिर शाळेच्या दोन मुलांमुळे. त्यांनी तिच्या खुणा आधी शिकून घेतल्या, मग आपल्या शिकवल्या. जेवणाच्या रांगेत वरण, भात, पोळी, पुरे, अजून एवढ्या खुणा साठही जणांना दोन दिवसांत येऊ लागल्या. वाढपी खुणेनेच विचारायचे.

जोडीदार पद्धत मात्र फसली. प्रत्येक दिव्यांग शिबिरार्थ्याला एक जोडीदार नेमला होता. कागदावर छान दिसणारी ही पद्धत दुसऱ्या संध्याकाळपर्यंत दोन्ही बाजूंना नकोशी झाली. जोडीदारांची कबड्डी बुडत होती आणि ते चेहऱ्यावर दिसत होतं. खुर्चीवरचा मुलगा मला म्हणाला, “हा पोट्टा मांगंच उभा राहते. मले लघवीले जायचं असलं तरी याले सांगून जा लागते.” दुसऱ्या रात्री नेमणुका रद्द केल्या आणि आठ-आठ जणांचे गट केले. खुर्ची ढकलणं, पाणी भरणं, भांडी, अंशतः अंध मुलांना फळ्यावरचं वाचून दाखवणं, हे सगळं गटाचं काम. दिव्यांग शिबिरार्थीही त्या पाळीत, म्हणजे त्यांच्याही वाट्याला भांडी आली. खुर्चीवरचा मुलगा तांब्याभांडी पुसायला लागला आणि पुसताना गप्पा छाटायचा. दोन्ही बाजूंना हायसं वाटलं.

एक जण मात्र गेला. स्वमग्न मुलाला भोंग्याचा आवाज आणि भजनाची गर्दी सहन होईना. दुसऱ्या दिवशी दुपारी तो कान दाबून स्वच्छतागृहात बसून राहिला आणि संध्याकाळी त्याचा भाऊ त्याला घेऊन गेला. त्याला शांत बसता येईल अशी एक खोलीही आवारात राखलेली नव्हती.

तिसरा दिवस

तिसऱ्या दिवशी सकाळी श्रमदानातून वीस वर्षांचा एक मुलगा बाजूला झाला. तो सवलतीच्या यादीत नव्हता. दिसायला धडधाकट, पहिले दोन दिवस घमेली उचलण्यात सगळ्यांच्या पुढे. पहाटे हौदाच्या गार पाण्याने अंघोळ करून, काही न खाता, तो मुरमावर आला होता. आता तो झाडाखाली गुडघे छातीशी घेऊन बसला होता.

आधी त्याला हसले. कोणी आळस म्हटलं, कोणी मलम आणून पाय चोळले. आरोग्य उपकेंद्राच्या सेविका फिट्सवाल्या मुलीला पाहायला आल्या होत्या. त्यांनी बाकीच्यांना दूर पाठवलं आणि त्याच्याशी पाचेक मिनिटं हळू आवाजात बोलल्या. उठल्या त्या थेट फोन लावायला. त्याला सिकलसेल होता. नुसता वाहक नाही, आजार. रक्तपेशी विळ्यासारख्या वाकतात, बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात आणि हाडांत, सांध्यांत असह्य कळा येतात. थंडी, शरीरातलं पाणी कमी होणं, उपाशीपोटी अतिश्रम, या सगळ्यांनी तो झटका येतो. आपल्या शिबिराची पहाट म्हणजे या तिन्हींची बेरीज होती. त्याला पांघरूण घालून, पाणी पाजत १०८ ने ग्रामीण रुग्णालयात नेलं. सलाईन आणि वेदनाशामकांवर दोन दिवस ठेवलं.

अर्जात ‘काही आजार आहे का’ असा रकाना होता. त्याने ‘नाही’ लिहिलं होतं. रुग्णालयात भेटलो तेव्हा त्याने कारण सांगितलं. “फॉर्म घेणारा आमच्याच गावचा होता जी. हो लिहिलं असतं त गावभर झालं असतं. बहिणीचं लगन जुळून राहिलं.” आजार आईबापांकडून येतो म्हणजे बहिणीतही असेल, असं सोयरे धरणार होते. आपल्या भागात सिकलसेल जितका जास्त तितकी त्याबद्दलची लपवाछपवीही जास्त. २०२३ पासून देशभर सिकलसेल निर्मूलन अभियान सुरू आहे, तपासण्या होतात, पण तपासणीचा कागद घराच्या पेटीतच राहतो.

त्या रात्री बैठक बसली. एका सूचनेनुसार त्याचं नाव यादीत घालायचं होतं. दुसरी सूचना अशी की, पुढच्या वर्षीपासून वैद्यकीय दाखला सक्तीचा करायचा, म्हणजे असे कोणी येणारच नाहीत. मी एवढंच विचारलं, यादी वाढवली तर यादीत यायला ज्याला लाज वाटते त्याचं काय? ज्येष्ठ कार्यकर्ते बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, “साठ जणांचं पानी तापवाचं कसं?”

उत्तर बैठकीत नसलेल्या बाईने दिलं. फिट्सवाल्या मुलीची आई चहा घेऊन आली होती. “चूल त पाचले पेटतेच. दोन मोठे गंज वर ठेवले त का बिघडते? लाकडं तेवढी जास्तीची पाहा.”

दुसऱ्या दिवसापासून उठणं सहाला, गरम पाणी सगळ्यांना, आधी आलुपोहा मग श्रमदान, कामाच्या ठिकाणी पाण्याची बादली आणि श्रमदानात चार-पाच प्रकारची कामं, ज्याला जे जमेल ते. भजन साडेनऊला बंद. सवलतीची यादी रद्द. पहिल्या सकाळी पाणी तापवायच्या गंजासमोर रांग लागली. त्या रांगेत कोण दिव्यांग आणि कोण नाही हे सांगता आलं नसतं, आणि ज्येष्ठ कार्यकर्तेही बादली घेऊन उभे होते.

त्यानंतर आणखी दोघे आपणहून सेविकांकडे गेले. एक मुलगी फिट्सच्या गोळ्या लपवून घेत होती. एका मुलाला एका कानाने ऐकू येत नव्हतं आणि तो बौद्धिकांत आपला मागे बसून राहत होता.

निष्पत्ती

शिबिर पूर्ण झालं. दिव्यांग म्हणून नोंदवलेल्या अकरांपैकी दहा जण शेवटपर्यंत होते. पहाटेची शिस्त गेली म्हणून शिबिर पातळ झालं का? उपस्थिती सकाळच्या सत्रात वाढली, दुपारच्या बौद्धिकात पेंगणाऱ्यांची संख्या कमी झाली, एवढं सगळ्यांनी मान्य केलं. शिस्तीबद्दल मतभेद अजून आहेत आणि ते खुलेपणाने बोलले जातात.

खुर्चीवरचा मुलगा पुढच्या नियोजन समितीत आहे. फिट्सवाल्या मुलीची आई शेवटच्या दोन दिवसांत मांडवात फिरकलीच नाही. तिची मुलगी पंगतीत मीठ वाढायची आणि कोणाला वाढायला विसरायची नाही.

बहिऱ्या मुलीच्या बाबतीत यश अर्धंच. शिबिरानंतर मूकबधिर शाळेच्या मुलांशी ती भावाच्या मोबाइलवर व्हिडिओ कॉल करून खुणांनी बोलायची. महिनाभरात घरच्यांनी तो बंद केला. तरणी मुलगी, परकी पोरं. त्यांची भीती समजण्यासारखी होती, पण तिचं नुकसानही खरं होतं. शिबिरात एकही बहिरी मुलगी किंवा बहिरी बाई कार्यकर्ती नव्हती, ही उणीव तेव्हा भोवली.

आवारातलं स्वच्छतागृह शाळा सुरू झाल्यावर काही दिवस उघडं होतं. पुन्हा पोती आली, पुन्हा कुलूप लागलं. समितीने ते परत उघडून घेतलं आणि किल्ली आता शाळेतल्या एका दिव्यांग विद्यार्थिनीच्या आईकडे आहे.

वेगळं काय करता आलं असतं

सगळ्यात महत्त्वाचं वळण पहिल्याच बैठकीत होतं. सवलत की बदल, हा प्रश्न अकरा जणांना समोर ठेवून सोडवला गेला. साठही जणांच्या अंगात काय असू शकतं असं विचारलं असतं, आणि यवतमाळसारख्या जिल्ह्यात तर ते विचारायलाच हवं होतं, तर चौथा पर्याय पहिल्या दिवशीच निवडला गेला असता. सवलत मागायला आधी आपलं दुखणं सांगावं लागतं. ज्याला ते सांगता येत नाही त्याच्यापर्यंत सवलत पोचत नाही. मंडळाला हे पटलं, पण त्याची किंमत एका मुलाने रुग्णालयात मोजली.

फॉर्ममधला आजाराचा रकाना आता काढला आहे. त्याऐवजी पहिल्या दिवशी प्रत्येक शिबिरार्थी आरोग्य सेविकेला एकटा भेटतो, सगळे भेटतात म्हणून कोणावर बोट येत नाही. सेविका शक्यतो दुसऱ्या गावच्या असतात. नोंद त्यांच्या वहीत राहते, मंडळाला फक्त काय करायचं ते कळतं, का ते कळत नाही.

शांत खोली आधीपासून हवी होती. त्याला पैसे लागत नाहीत, एक खोली आणि भोंगा तिच्यापासून दूर फिरवणं एवढंच लागतं. स्वमग्न मुलाच्या घरी नंतर कार्यकर्ते गेले, पुढच्या वेळी तो दिवसा येऊन रात्री घरी जाईल असं ठरलं आहे.

प्रवासाकडे फार कमी लक्ष दिलं गेलं. एसटीत दिव्यांगांना भाड्यात ७५ टक्के सूट आहे, पण एसटीच्या पायऱ्या कोणी कमी केलेल्या नाहीत. खुर्चीवरचा मुलगा बापाच्या पाठीवर बसून काळीपिवळीत चढला, खुर्ची टपावर. एका चाकाची आरी त्यात वाकली आणि पहिला अर्धा दिवस खुर्ची लंगडत होती. आसपासच्या गावांतून एखादा मालवाहू टेम्पो आणि एक फळी, एवढ्यावर हे भागलं असतं.

मैदानाचा प्रश्न सुटलेला नाही. मूकबधिर मुलांना कबड्डीत चढाई करताना दम घुमवता येईना, म्हणून मैदानाबाहेरची मुलं बोटांवर तीस मोजायची आणि शिट्टीऐवजी लाल रुमाल हलायचा. ते झकास जमलं, त्यातला एक जण तर कोणाच्या हाती लागायचा नाही. खुर्चीवरच्या मुलाला मात्र गुण लिहायला बसवलं आणि त्याला ते मुळीच आवडलं नाही. “खेळत नाही त्याले लिहाले बसवते,” तो म्हणाला. लगोरीत तो बसून नेम धरू शकतो, पण लगोरी रचायला धावावं लागतं. त्याच्या गटाने त्यावर काढलेला नियम, नेम एकाने धरायचा आणि रचायला दुसऱ्याने पळायचं, शेवटच्या संध्याकाळी एकदाच खेळून पाहिला गेला आणि त्यात खूप वाद झाले. पुढच्या शिबिराच्या आधी तो नियम दोन रविवार खेळून पक्का करायचा, हे काम समितीने त्याच्याचकडे दिलं आहे.